उरलेल्या पिशव्या

९ जुलै

आज दुकानात तीन गिऱ्हाइकं. त्यातल्या दोन पोरी नुसते फोटो काढून गेल्या. हिरोशिमाहून आल्या होत्या म्हणे, एवढा घाट चढून. एकीने दारावरच्या पडद्याला हात लावून तोंड वेडंवाकडं केलं, दुसरीने फोटो काढला. मी विचारलं, काय देऊ? तर म्हणतात कशा, "आजी, पहिला हात इथेच शेजारी तुटतो ना?" म्हटलं, बायांनो, इथे गोड सारण भरलेल्या मांजू मिळतात, हात तोडून मिळत नाहीत. त्यावर खिदळल्या आणि गेल्या. एक मांजू घेतील तर शपथ.

संध्याकाळी माझ्या लेकीने, चिनात्सुने उलगडा केला. या महिन्यात कुठलीशी नवी अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली आहे, 'ओंजळ' नावाची. त्यातलं गाव म्हणजे हुबेहूब आमची आळी. लाल कौलं, इवामोतो न्हाव्याच्या दाराशी फिरणारा तो पट्ट्यापट्ट्यांचा खांब, आणि आमचं दुकान. आणि त्या आळीत एक पिशाच्च दारोदार फिरून लोकांचे हात तोडतं. कर्म माझं. इतकी वर्षं कुणी या गावाचं चित्र काढलं नाही, आणि काढलं ते असलं.

११ जुलै

इवामोतो भावजी सकाळीच कात्री हातात घेऊन आले. हे गेल्यापासून बाजार मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आहे आणि ते त्यांच्या डोक्यात गेलंय. "फुसाए वहिनी, नशीब आपल्या पायांनी चालत आलंय! ती पोरं येतायत तर येऊ द्या. मालिकावाल्यांची परवानगी काढू, चित्रांचे फलक लावू. तुम्ही मालिकेच्या नावाचं गोड करा. बघा कशी रांग लागते."

मी म्हटलं, "आयुष्यभर मी लोकांच्या तोंडात गोड घातलं, आता रक्ताच्या चित्राखाली बसून विकू?"

"मग कुणाला विकणार? मांजरांना?"

चिनात्सु मध्येच म्हणाली, "आई, आधी बघ तरी. एक भाग बघ. नाही आवडला तर बंद कर."

मी नाही म्हटलं. ती उठून कढया घासायला लागली; ते घासणं मला कळतं. हिरोशिमाच्या एका बेकरीने तिला बोलावलंय. वर्षअखेरपर्यंत दुकान सावरलं नाही तर ती जाणार, हे तिने वसंतातच सांगून टाकलंय. ती गेली की दुकान बंद, हे तिने सांगितलं नाही, पण ते मला न सांगता कळतं. माझा उजवा अंगठा साचे ठोकून ठोकून आतल्या बाजूला वाकलाय. आता लाकडी साचा धरला की थंडीत कळ थेट कोपरापर्यंत जाते. एकटीने किती ओढू?

१८ जुलै

बघितला. पोरीच्या हट्टापायी बघितला आणि पस्तावले.

जेवणानंतर चिनात्सुने टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. धुकं. आमची आळी. त्यात एक पोर चालत येतं, जत्रेचा निळा अंगरखा घातलेलं. तोंडाच्या जागी काही नाही, नुसतं सपाट. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली. शेजारच्या तोफूवाल्याच्या दारात उभं राहतं. तोफूवाला म्हणतो, "संपलं, जा." आणि दार लावून घेतो. पुढे मग त्याचे हात दाराच्या कडीलाच राहतात. नुसते हात, मनगटापासून. आणि काय ते रक्त! मी चहाचा पेला तसाच टाकून उठले.

मी चिनात्सुला विचारलं, मला एक सांग, या पोराचं म्हणणं काय? दारात आलेल्याला नाही म्हटलं म्हणून कुणी हात तोडतं का? संपलं असेल त्या बिचाऱ्याकडे. ती म्हणाली, "मागे तोफू भरलेलं पातेलं दाखवलंय, आई. परत बघ." मी कशाला परत बघते!

२ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते, पण वहीशी काय खोटं बोलायचं. दुसरा, तिसरा आणि चौथा भाग बघून झाला. चिनात्सुला माहीत नाही. ती पोस्टात गेली की लावते. घेवड्याचं सारण आटवताना तासभर नुसतं ढवळत उभं राहावं लागतं, तेव्हा डोळे रिकामेच असतात.

रक्त येतं तेव्हा मी सारणाकडे बघते. बाकी मात्र, खोटं का बोला, काम चोख आहे. दुकानातली म्हातारी साचा उलटा करून कडेवर आधी दोनदा हळू आणि मग एकदा जोरात ठोकते. हे पुस्तकात वाचून येत नाही. आमच्या पडद्याचा डावा कोपरा उसवलाय, तोसुद्धा काढलाय मेल्याने. ज्या चित्रकथेवरून मालिका केली, ती काढणारा कुणी टोपणनावाने लिहिणारा आहे, त्याचा फोटोही कुठे नाही. कधीतरी गिऱ्हाईक म्हणून येऊन गेला असणार. त्या म्हातारीला मात्र फारच कजाग दाखवलंय, सदा ओठ आवळलेले. कालच चिनात्सु सहज म्हणाली, "दुकानातली आजी ओळखीची वाटली का गं, पहिल्या भागात?" मी म्हटलं, छे, आपल्या आळीत अशी कोण आहे?

आणि ते पोर. चौथ्या भागात पाऊस पडतो, तरी ओंजळ पुढेच. ओंजळीत पाणी साठतं आणि ते तसंच उभं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे द्या ना रे कुणीतरी त्याला काहीतरी!" एकटीच होते म्हणून बरं.

१५ ऑगस्ट

पितरांचे दिवस. सकाळी चिनात्सु आणि मी टेकडीवर यांच्या थडग्याला पाणी घालून आलो. यांना आवडायच्या त्या लाल मांजू ठेवल्या. हे असते तर इवामोतोची अशी मिजास चालली नसती. यांच्या वेळी आळी एका शब्दावर हलायची. ठरलं की ठरलं, एकही घर फुटत नसे.

येताना तोगावांच्या थडग्यावरून आलो. दरवर्षी तिथे कमरेइतकं गवत असतं. या वर्षी गवत काढलेलं, ताजी फुलं, आणि एका बशीत साखरेच्या वड्या. कुणाला पुळका आला कोण जाणे. तोगावा नदीवरच्या कागद गिरणीत होता. गिरणीचं पाणी रात्री नदीत सोडतात अशी तक्रार त्याने वरपर्यंत नेली. गिरणी बंद पडली, निम्मी आळी घरी बसली. मग आळीने त्यांच्याशी बोलणं सोडलं यात आळीचं काय चुकलं? आळीचा कचरा ठेवायच्या पिंजऱ्याची किल्ली त्यांना द्यायची नाही, जत्रेची वर्गणी त्यांच्याकडून घ्यायची नाही. मारलं नाही, झोडलं नाही. दोन वर्षांत तोगावा छातीच्या दुखण्याने गेला आणि बायको पोरीला घेऊन निघून गेली.

चिनात्सु तिथे हात जोडून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "आई, इकुमी आठवते? माझ्या वर्गातली?" मी म्हटलं, कोण इकुमी? ऊन झालंय, चल.

२९ ऑगस्ट

आता आम्ही दोघी मिळून बघतो. माझी चोरी पकडली गेली. चिनात्सु हसली, किती दिवसांनी हसली! "रक्ताचं नाव काढलं तरी तुला चक्कर येते ना गं?" म्हणाली. मी म्हटलं, धंद्यासाठी बघते हो. पण खरं सांगायचं तर दुपारची वाट बघते. हे गेल्यानंतर आम्ही दोघींनी एका पाटावर बसून काही केल्याचं आठवत नाही. ती तर मालिकेत अशी रंगते, मला सांगत बसते, की "थांब, आता बघ."

आजच्या भागात पिशाच्च पहिल्यांदा कुणाला तरी सोडून जातं. केसात पिवळी क्लिप लावलेली एक मुलगी देवळामागे आपली वडी मोडून अर्धी त्याच्या ओंजळीत टाकते. ते तिच्या हातांना शिवतसुद्धा नाही. वडी खायला त्याला तोंड नाही, म्हणून नुसतं धरून बसतं. माझे डोळे भरून आले, काय सांगू. चिनात्सु उठून बाहेर गेली. तिलाही तशी पिवळी क्लिप होती लहानपणी. तेव्हा सगळ्याच पोरींना असायची.

१० सप्टेंबर

झालं! परवानगी मिळाली!

इवामोतो भावजी नाचत आले. मालिका कंपनीच्या बाईंचा फोन होता. मूळ चित्रकाराने फलकांना हो म्हटलंय, गोडालाही हो म्हटलंय, पण गोड कुठलं हे त्यानेच ठरवलं. ऑक्टोबरच्या जत्रेत मुलांच्या पालखीमागून आमच्या दारात जी पिशवी वाटायचे ना, लाल दोरीची, तीच. साखरेच्या वड्या, दोन मांजू, भाजलेले दाणे. मुलंच उरली नाहीत म्हणून पालखी बंद पडली आणि पिशवीही. ती पुन्हा सुरू करायची. जत्रेत नीट पार पडलं तर पुढे वर्षभर दुकानात मालिकेच्या नावाने विकायची परवानगी.

दोन अटी. फुसाए बाईंनी स्वतः दारात उभं राहून स्वतःच्या हाताने वाटायची. आणि मागेल त्या प्रत्येक मुलाला द्यायची.

मी म्हटलं, ही काय अट झाली? लहान पोराला नाही कोण म्हणतं? माझं नाव त्याला कसं माहीत, म्हणून विचारलं तर भावजी म्हणाले, "दुकानाच्या पाटीवर आहे की, वहिनी!" चिनात्सु मात्र म्हणाली, "आई, ती दुसरी अट नीट लक्षात ठेव." जशी मी विसरभोळी! पण तिने आज बेकरीला कळवलं, की सध्या येत नाही. मी देवघरात यांच्या तसबिरीपुढे घंटी वाजवून सांगितलं. जेवताना दोन घास जास्त गेले.

१५ सप्टेंबर

मालिकेने आज तोंड कडू केलं. इतके दिवस मी कौतुक केलं ते वाया.

ते पोर पिशाच्च कसं झालं ते दाखवलं. जत्रा, मुलांची पालखी, आमच्या दारात पोरांची रांग. बाई एकेकाच्या हातात पिशवी ठेवत येते. हात पुढे सरकतो, पुढे सरकतो, आणि एका पोराच्या ओंजळीवरून तसाच पलीकडच्याकडे जातो. कुणी काही बोलत नाही. पालखी पुढे जाते आणि पोर तिथेच. आणि मग त्याचं तोंड हळूहळू पुसून जातं, आधी ओठ, मग डोळे.

काय पण खोटारडेपणा! आमच्या इतक्या चांगल्या प्रथेला असं काळं फासायचं? पोराला कोण असं वगळतं? आमच्याकडे एका वर्षी पिशव्या कमी पडल्या होत्या, तेवढंच. ते पोर रांगेत शेवटी होतं, त्याला मी काय करणार? आणि यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांच्याकडचं कुणी आलं तर सांभाळून. आळीचे डोळे होते माझ्यावर.

मी हे मोठ्याने म्हणाले असणार, कारण चिनात्सुने विचारलं, "कमी पडल्या होत्या?"

"हो."

"नक्की, आई?"

"इतक्या वर्षांनी काय उलटतपासणी करतेस गं? तूच त्या वर्षी अर्धी पिशवी हरवून आली होतीस आणि माझा मार खाल्ला होतास, ते आठवतं मला."

"हरवली नव्हती," ती म्हणाली, आणि कढया घासायला घेतल्या.

२६ सप्टेंबर

अकराव्या भागाच्या शेवटी ते पोर म्हाताऱ्या बाईच्या दुकानापुढे येऊन उभं राहतं. पडदा हलतो. संपलं. पुढचा भाग शेवटचा.

तो मी बघणार नाही. सगळ्या आळीचे हात तुटले, आता तिचेच राहिलेत, मग दुसरं काय होणार? पाटावर बसून पिठाने माखलेल्या म्हातारीचे हात तुटताना मी कशाला बघू? कजाग असली तरी तिने काम केलंय जन्मभर. तो रविवारी लागला तेव्हा चिनात्सुने एकटीने बघितला. डोळे सुजवून आली आणि म्हणाली, "आई, हा तू बघच. जत्रेच्या आधी बघ. मी मागे लागत नाही कधी, पण हा बघ."

५ ऑक्टोबर

मरमर काम. पिशव्या बांधून बोटं सोलली. सासूबाईंची शिस्त होती, मुलं असतील त्याहून टोपलीभर जास्तच बांधायच्या. दारातून पोर रिकाम्या हाताने गेलं तर दुकानाला शाप, असं म्हणायच्या. ती शिस्त मी कधी मोडली नाही. आजवर एकदाही कमी पडू दिल्या नाहीत, उलट उरायच्याच आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत हे आणि यांचे मित्र चहाबरोबर संपवायचे.

इवामोतो भावजींनी नवीन शक्कल काढली. आळीत निदान दोन दुकानांत खरेदी करेल त्याला कार्डावर शिक्के, आणि शिक्के असतील त्यालाच पिशवी. नाहीतर फुकटे येतात, फोटो काढतात आणि जातात. मला पटलं. त्या पहिल्या दोन पोरी मी विसरले नाही.

चिनात्सु म्हणाली, "पण अट?"

भावजी म्हणाले, "अगं, मागेल त्याला म्हणजे कार्ड घेऊन मागेल त्याला! व्यवहार असा असतो बाळा."

रात्री जेवताना तिने विचारलं, शेवटचा भाग बघितलास का? मी म्हटलं, बघितला. म्हणाली, "मग?" मी म्हटलं, छान आहे. तिने माझ्याकडे असं काही प्रेमाने बघितलं, माझ्या हातावर हात ठेवला, की मलाच कसंतरी झालं. पण आता खरं सांगायची सोय राहिली नाही. काम उरकलं की बघून टाकेन.

१२ ऑक्टोबर

जत्रा! अशी जत्रा हे असतानाही झाली नव्हती. सकाळपासून मोटारी लागल्या. निळे अंगरखे घातलेली मोठमोठी माणसं, तोंडाला पांढरं फासून ओंजळी करून फिरत होती, वेडी कुठली! पण पोरं गोड. शेजारच्या गावांतली मुलं मागवून भावजींनी पालखी काढली. ढोल वाजायला लागले. दारात उभी राहून एकेकाच्या हातात पिशवी ठेवत होते. "घे बाळा," "सांभाळून खा," "आजीला विसरू नकोस." सगळे फोटो काढत होते. चिनात्सु आतून टोपल्या भरून आणत होती आणि हसत होती. मी मनात म्हटलं, राहिली पोरगी, राहिलं दुकान.

एकच मिठाचा खडा. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बाई आली, करड्या कोटातली, तोंडावर मास्क. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीने ओंजळ पुढे केली. मी म्हटलं, कार्ड? बाई म्हणाली, "कार्ड नाही. मुलांना सगळ्यांना मिळते ना?" म्हटलं, कार्ड असलेल्या सगळ्यांना मिळते, बाई, नियम आहे. समोरच भावजी उभे, आळीतली चार माणसं उभी. एकीला दिली की सगळे मागणार. ती बाई जाईना आणि पोरगी हात खाली करीना. मग वाद नको म्हणून मी म्हटलं, "संपल्या. जा आता." टोपली पडद्याआड होती, त्यांना कुठे दिसणार!

बाईने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघत होती. मग खूप खाली वाकून नमस्कार केला आणि मुलीच्या दोन्ही हातांची ओंजळ आपल्या हाताने मिटवली. एवढ्यात चिनात्सु टोपली घेऊन बाहेर आली. तिने पाठमोऱ्या बाईला बघितलं, मला विचारलं, "काय म्हणालीस तिला?" मी सांगितलं. टोपली तिथेच टाकून पुलापर्यंत पळत गेली. परत आली ती एकटीच. तेव्हापासून कढया घासतेय.

दमली असेल. सगळेच दमलोय. दोन टोपल्या उरल्या.

३० ऑक्टोबर

कंपनीच्या बाईंचा फोन. चिनात्सुने आवाज मोठा करून मधल्या पाटावर ठेवला, भावजीही होते. पिशवीला पुढची परवानगी नाही. फलक महिनाअखेर उतरवायचे. कारण विचारलं तर बाई अडखळल्या. म्हणाल्या, "चित्रकार त्या दिवशी स्वतः मुलीला घेऊन आल्या होत्या. बाकी काही कळवायचं नाही, असं त्या म्हणाल्या."

आल्या होत्या? म्हणजे तो चित्रकार बाई आहे, हे मला तिथे कळलं.

फोन ठेवताच भावजी उसळले, "वहिनी, काय केलंत हे! एक पिशवी द्यायला तुमचं काय जात होतं?" मी म्हटलं, "कार्डाची अट तुमची! समोर उभे होतात की नाही?" "मी काय तुमचा हात धरला होता?" म्हणाले. हे आयुष्यभर दाढी ह्याच माणसाकडे करत होते आणि आज त्याने मला असं बोलावं! दार आपटून गेला.

मग चिनात्सु हळू आवाजात म्हणाली, "आई, ती इकुमी होती. तोगावांची."

"मला काय ठाऊक? तोंडावर मास्क होता तिच्या!"

"तोंड बघून द्यायची होती का?"

ती पुढे म्हणाली, "लहानपणी मी तिला अर्धी पिशवी दिली म्हणून तू मारलंस. ते मी सोडून दिलं. पण या वेळी तर तू शेवटचा भाग बघितला होतास. तो बघूनही तुझा हात पुढे झाला नाही? तो बघून?"

बघितला नाही म्हणावं तर खोटारडी, बघितला म्हणावं तर त्याहून वाईट काहीतरी, पण काय ते मला कळेना. मी म्हटलं, जेवायला बस, थंड होतंय.

ती जेवली नाही.

२० नोव्हेंबर

चिनात्सु आज गेली. बेकरीने जागा धरून ठेवली होती. बस येईपर्यंत आम्ही दोघी हवेबद्दल बोललो. मी मांजूचा डबा दिला, तो तिने दोन्ही हातांनी घेतला, परक्या घरी घेतात तसा. म्हणाली, "अंगठ्याला शेक देत जा." बस वळली तरी मी उभी होते.

नवीन वर्षाची मागणी आली नाही. साचे पुसून फडक्यात बांधून ठेवले. पडदा उतरवला, डावा कोपरा शिवायचा राहूनच गेला होता. आता काय शिवायचा?

२ डिसेंबर

चिनात्सु टॅबलेट ठेवून गेली आहे. आज दुपारी शेवटचा भाग लावला. दुसरं करायलाही काही नव्हतं.

पोर दुकानापुढे उभं. मी उशी पोटाशी धरून बसले, की आता रक्त. आतून म्हातारी येते. पडदा बाजूला करते. हातात लाल दोरीची पिशवी आहे, कधीची बांधून ठेवलेली, कागद पिवळा पडलेला. ती उंबऱ्यावर गुडघे टेकून बसते आणि म्हणते, "आलीस? तुझी राहिली होती." पिशवी ओंजळीत ठेवते आणि खालून आपल्या दोन्ही हातांनी ती ओंजळ धरून ठेवते. मग त्या पोराला आधी डोळे येतात, मग ओठ. साधी मुलगी, शाळेतली. दोघी उंबऱ्यावर बसून वडी खातात. थेंबभरही रक्त नाही. कुणाचेच हात तुटत नाहीत.

धरलेले हात अगदी जवळून दाखवले आहेत. कितीतरी वेळ नुसते हातच. म्हातारीचा उजवा अंगठा आतल्या बाजूला वाकलेला आहे.

मी ते परत लावलं. परत लावलं. अंगठा वाकलेलाच आहे. साचे ठोकणाऱ्या सगळ्याच बायकांचा वाकत असेल. आणि त्या म्हातारीला इतकं गोड वागायला कुणी सांगितलं? चित्रात काय, काढावं तसं होतं. माझ्या दारात आली तेव्हा ती तोंड झाकून का आली? नुसतं म्हणायचं होतं, मी इकुमी. मी दिली असती. दिलीच असती.

मी लिहून ठेवते, त्या वर्षी पिशव्या कमी पडल्या होत्या.

जत्रेतल्या दोन टोपल्या कपाटावर तशाच आहेत. मांजू केव्हाच काढून टाकल्या, पण साखरेच्या वड्या वर्षभर टिकतात. दार उघडून बाहेर बघून आले. आळीत कुणी नव्हतं.